विरघळेपर्यंत गप्प

प्रशिक्षणात सांगितलं होतं, आपला एक तास मोबाईलवर चित्रित करा आणि नंतर एकटीनं बसून बघा. म्हटलं, त्यात काय बघायचं! बारा वर्षं शिकवतेय. वेल्ह्याच्या डोंगरात धनगरवाड्यावरची आमची शाळा, मुलं नऊ, बाई एक. मोबाईल खिडकीत टेकवला आणि मस्त ठसक्यात वजाबाकी घेतली.

शनिवारी शाळा सुटल्यावर बघायला बसले आणि हसूच आवरेना. मीच विचारतेय, मीच उत्तर देतेय, वर स्वतःलाच 'शाब्बास' म्हणतेय! मुलं आपली नाटकाला आल्यासारखी बसलेली.

मग मात्र हसू थांबलं. दुसरीतली एक मुलगी वर्षभर माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. 'प्रतिसाद देत नाही' असं तिच्या नोंदवहीत लिहून मी मोकळी झाले होते. तिच्या आईलाही परवाच तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "घरी तर हिचं तोंड मिटत न्हाई. साळंत जमत नसंल तर सोमवारपास्नं शेरडांमागं जाऊ दे." आणि इथं मोबाईलवर ती मुलगी चारदा तोंड उघडत होती, चारही वेळा मी मध्येच "अकरा! शाब्बास!", "सतरा! शाब्बास!" लाजेनं कान तापले.

नसरापूरहून लिमलेटच्या गोळ्या आणल्या. सोमवारी सकाळी तिच्या घरी गेले. "ताई, आजचा दिवस हिला पाठवा."

"चोवीस शेळ्या, सात हरवल्या. किती उरल्या?" विचारलं आणि गोळी तोंडात टाकली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा मलाच दंडक. वर्गातली सगळी मुलं माझ्या फुगलेल्या गालाकडे बघायला लागली.

"बाई, दाढ दुकतीया का?" मागून एकानं विचारलं. हसू दाबता दाबता ठसका लागला.

तेवढ्यात ती उभी राहिली. "बाई, कुठल्या हरवल्या?"

मी गोळी दुसऱ्या गालात सरकवली.

"लंगडी असंल तर सांजच्याला आपली आपण येती. कानतुटकी दुसऱ्याच्या कळपात घुसती..." ती जी सुटली! "आमी मोजत न्हाई बाई, नुसतं बगतो. कोण न्हाई त्ये लगीच कळतं."

माझी तर नऊच होती. त्यातली एक वर्षभर हरवलेली, आणि मला पत्ता नाही.

दुपारी तिची आई दारात आली. "बाई, न्हेऊ का हिला?"

तोंडात तिसरी गोळी. मी दोन्ही हात हलवत सुटले, नको, नको! लेकीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"थांब गं आये, मला बाईंना अजून लई सांगायचंय."