बारा संगणकांची पंगत

चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा आणि हसू आले तर खुशाल हसा. जे सांगणार आहे, त्यात हसण्याजोगा माणूस एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बसला आहे.

आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना रस्त्याला लागून जी शाळा दिसते, तिचा मी मुख्याध्यापक. शिस्त, स्वच्छता आणि समता या तीन गोष्टी मी आयुष्यभर शिकवल्या. त्यांतल्या समतेने माझा घात केला.

आमच्या संगणक कक्षात बारा संगणक आहेत. सात जुन्या विंडोजचे. चार लिनक्सवर चालणारे, एका माजी विद्यार्थ्याने बसवून दिलेले. बारावा मॅक, पुण्याला गेलेल्या दुसऱ्या माजी विद्यार्थ्याची भेट. तिन्ही तऱ्हांचे संगणक एका खोलीत गुण्यागोविंदाने नांदत होते. मी लक्ष घालेपर्यंत.

यंदा पत्र आले. मुलींसाठीच्या एका शिष्यवृत्ती परीक्षेचे केंद्र आमच्या शाळेला मिळू शकत होते. अट अशी की किमान दहा संगणक चालते हवेत आणि जिची सुरक्षा कालबाह्य झाली आहे अशी प्रणाली कशावरही नको. सोमवारी दुपारी बाराला तपासनीस येणार. जमले नाही, तर केंद्र पुण्यात.

पुणे म्हणजे पहाटेची एसटी. आणि पहाटे उसाच्या कडेने मुलीला फाट्यावर कोण सोडणार? बिबट्या आमच्याकडे चित्रात नसतो, बांधावर असतो. अकरा घरांतून निरोप आला होता: केंद्र इथे असेल तर पोरगी परीक्षेला बसेल, नाहीतर नाही. त्या अकराजणींत माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार तिघी होत्या. तेव्हा गोष्ट साधी नव्हती.

आमच्या संगणक शिक्षिका मनीषा मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या, समजुतीने माझ्या आईएवढ्या. त्या म्हणाल्या, "सर, नवी विंडोज या सात जुन्यांना पेलणार नाही. त्यांच्यावर लिनक्स टाकू. आहेत ते चार नवे करून घेऊ. मॅक चांगला चालतोय, त्याला शिवायचं नाही. परीक्षा ब्राउझरमध्येच होते, तिला कुठलंही चालतं."

"म्हणजे अकरांना एक आणि एकाला दुसरे?"

"हो, सर."

"मॅडम, पंगतीत दुजाभाव नको. बारांनाही तेच वाढायचे."

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "बरं. पण शनिवारी करू. सगळं सामान एकदाच पेनड्राईव्हवर उतरवून घेते आणि एकामागून एक बसवत जाते."

शनिवारी अमावस्या होती. अमावस्येला नवे काम मी हाती घेत नाही. वडील घेत नसत, आजोबाही घेत नसत. रविवारी सुटी. म्हणून सोमवार ठरला, प्रार्थना झाल्यावर. आणि त्यातली ती 'एकामागून एक' ही गोष्ट मला मुळीच रुचली नाही.

आमच्या शाळेचा नियम जुना आहे. दुपारच्या खिचडीला शेवटच्या मुलाच्या ताटात पडल्याशिवाय पहिला मुलगा घास उचलत नाही. श्लोक होतो आणि मग सगळे एकदम सुरू. मी हा नियम संगणकांना लावला. होय, लावला. सगळ्या शिक्षकांचे पेनड्राईव्ह गोळा केले. मॅडमनी सुरुवातीपुरता भाग प्रत्येकात भरला, बाकीचे इंटरनेटवरून येणार होते. बारा संगणकांसमोर बारा मुली उभ्या केल्या. श्लोक म्हटला. मी हात खाली केला आणि बारा बोटे एकदम बटणावर पडली.

सांगायला अभिमान वाटतो की इतकी शिस्तबद्ध चूक तालुक्यात दुसरी झालेली नसेल.

दहा मिनिटांत बाराही पडद्यांवर जुने पुसले गेले. नवे येऊ लागले आणि शंभरातल्या तीनावर थांबले. उरलेला वेळ आधी चार तास दिसत होता. मग सात. मग अकरा.

आमचा शिपाई सखाराम दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, ह्ये तर उलटं चाललंय. लई येळ बघितला तर उद्याचा दिवस दाखवंल."

"धीर धर, सखाराम."

"मी धरतो. पावणं धरत्याल का?"

मॅकच्या पडद्यावर तर काहीच हलत नव्हते. मॅडम पाणी प्यायला गेल्या होत्या. आळशी मुलाला जागे करावे तसा मी तो बंद केला आणि पुन्हा चालू केला. पडद्यावर एक फोल्डर उमटले आणि त्यावर प्रश्नचिन्ह. आपल्याला काही येत नाही हे इतक्या प्रामाणिकपणे कबूल करणारा संगणक मी त्याआधी पाहिला नव्हता.

मॅडम परत आल्या. त्यांनी मॅककडे पाहिले, मग माझ्याकडे. तीस मुलांच्या वर्गासमोर मी जे मौन पाळतो, ते किती लागते हे त्या दिवशी कळले.

बाराला पाच मिनिटे कमी असताना तपासनीस आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ.

"सर, किती संगणक चालू आहेत?"

"बाराही चालू आहेत."

"वापरता येतील असे?"

मी खोटे बोलत नाही. हे माझे व्रत आहे आणि ते अतिशय गैरसोयीचे आहे.

"एकही नाही," मी म्हणालो.

त्यांनी कारण विचारले. मी पंगतीचे तत्त्व समजावून सांगितले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"वाढायला किती जण होते, सर?"

"म्हणजे?"

"इंटरनेटच्या लाईनी किती?"

"एक."

"बारा पानं आणि एक पळी," ते म्हणाले. "मग जेवणार कोण?"

सखाराम मागून पुटपुटला, "सकाळधरनं मी त्येच म्हनतोय." तो तसे मुळीच म्हणत नव्हता, पण मी वाद घातला नाही.

मॅडम पुढे आल्या. "साहेब, पाच वाजेपर्यंत वेळ द्याल? दहा उभे करून दाखवते. यांतल्या अकराजणी पुण्याला जाणार नाहीत, घरी बसतील."

तपासनिसांनी त्या बारा मुलींकडे पाहिले. "पाच," ते म्हणाले. "आणि मुख्याध्यापकांनी माझ्यासोबत व्हरांड्यात बसावं."

मॅडमनी बारांच्याही इंटरनेटच्या वायरी काढल्या. ऑफिसातला संगणक माझ्या पंगतीतून सुटला होता. त्यावर सगळे सामान एकदाच उतरवून तीन पेनड्राईव्हवर घेतले आणि एकामागून एक संगणक उठवायला लागल्या. आम्ही दोघांनी व्हरांड्यात खिचडी खाल्ली. दोनदा मी चौकशीसाठी उठलो. दोन्ही वेळा साहेबांनी माझ्या बाहीला हलकेच धरून मला खाली बसवले.

पावणेपाचला अकरा संगणक चालू होते. मॅकचे प्रश्नचिन्ह जागेवर होते.

साहेबांनी अहवाल लिहिला आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. केंद्र मंजूर. खाली एक अट: 'परीक्षेच्या दिवशी संगणक कक्षाची जबाबदारी मनीषा मॅडम यांची राहील. मुख्याध्यापकांनी कक्षात प्रवेश करू नये.' मी सही केली. इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलेली अट मोडण्याची माझी योग्यता नव्हती.

परीक्षेच्या दिवशी आमच्या अकराच्या अकरा मुली आल्या. शेजारच्या शाळांच्याही आल्या, म्हणून परीक्षा दोन पाळ्यांत ठेवली होती. काहींचे आईबापही आले. मी कक्षाबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत काय चालले आहे ते कळेना आणि स्वस्थ बसवेना, म्हणून दारातल्या चपला नीट लावत राहिलो.

परीक्षा सुटली. बेल्ह्याकडच्या दुसऱ्या शाळेची एक चुणचुणीत मुलगी सर्वांत आधी बाहेर आली. माझ्या हातात दोन चपला पाहून म्हणाली, "मामा, तुमी इथं शिपाई का? त्या निळ्या माझ्या. द्या की."

मी दिल्या.

तिने पायात घातल्या, खाली पाहिले आणि म्हणाली, "मामा, एक निळीये, एक काळी."