हर्राशीचा ब्रिज आणि माझं व्हिजिटिंग कार्ड

तुकडे दोन होते आणि वेळ एका दिवसाचा. रिसोडच्या बाजारात सोयाबीनची हर्रास, म्हणजे लिलाव, बोलणारे किसनभाऊ माझ्या वाशीमच्या डेंटल लॅबमध्ये तोंडाला रुमाल लावून बसले होते. सुपारी फोडताना समोरच्या चार नकली दातांचा ब्रिज मधोमध तुटला होता.

"सात म्हनतो त नुसती हवा निघते," ते म्हणाले. "व्यापारी हासून राह्यले. सेठ म्हने, उद्या दात नसन त दुसरा मानूस उभा करतो."

काम सोल्डरिंगचं. म्हणजे दोन तुकड्यांच्या मधे लवकर वितळणारा धातू भरून सांधायचं. मी पक्का गॅसच्या टॉर्चवाला. माझी ज्वाळ पेटली की मंगरूळपीरचे लोक हात शेकतात.

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

"दादा, वर सिरॅमिक हाय," माझी टेक्निशियन वैशाली म्हणाली. "ज्वाळ लागली का तडकते. ओव्हनमंदी सगळीकून सारखी गरमी भेटते."

"नागपूरले लेझर हाय म्हनते," किसनभाऊ म्हणाले. आहे. लेझर जोडाची जागा तेवढीच वितळवतं, बाकी गरमही होत नाही. पण जाऊन येईस्तोवर हर्रास आटोपली असती.

मग पैज लागली. त्याच धातूचे भंगार तुकडे तिनं ओव्हनमध्ये जोडले, मी टॉर्चनं. माझा जोड पकडीनं ओढला. हलला नाही. बैलजोडी लावली असती तर बैल बसले असते. मी छाती फुगवून तो त्या तुकड्यांच्या प्लास्टरच्या मॉडेलवर ठेवला, तर मोडक्या खाटेसारखा डुगडुगला. तिचा गपचूप बसला.

"काहून?" मी विचारलं.

"तुमी तुकडे चिकटवून ठेवले. तापले का फुगते, एकमेकाले ढकलते. मधे फट पायजे."

"केवढी?"

तिनं माझ्या खणातून माझंच व्हिजिटिंग कार्ड काढलं. त्यावर 'सोल्डरिंगचा बादशहा' असं छापलेलं. "एवढी," म्हणाली, आणि ते दोन तुकड्यांच्या मधे उभं धरलं. किसनभाऊ रुमालाआडून हसले. हवा निघाली.

उष्णता सोसणाऱ्या प्लास्टरमध्ये तुकडे पक्के करून ब्रिज ओव्हनमध्ये गेला. हळूहळू थंड केला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बसवला.

दुसऱ्या दिवशी किसनभाऊंचा बाजारातून फोन आला. "सात!" एवढंच ओरडले. मी अजून डाव्या कानानं कमी ऐकतो.

जोड नुसता मजबूत असून भागत नाही, जागेवर बसावा लागतो. त्यासाठी आधी थोडी फट सोडावी. कार्डं मी पाचशे छापली होती. कामी आलं ते हे एकच.