दाजींनी निवडलेला सतरा नंबर

आमचे दाजी दुकानात शिरले की माझ्या कपाळावर आठी चढायची, हे आधीच कबूल करतो. ताईचा नवरा, वयानं मोठा माणूस, त्यांना नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि यायचे तेही नेमके गर्दीच्या वेळी. माझं हत्यारांचं दुकान आहे. हातोड्या, पकडी, कानशी, पाने. दाजी ट्रकच्या गॅरेजात फिटर होते. काउंटरवर कोपर टेकून म्हणायचे, "काय शेठ, काढा बघू वाकड्या तोंडाचे." शेठ म्हणायचे ते चिडवायला. माझी खुर्ची मोडकी आणि पंखा बंद, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

वाकड्या तोंडाचा पाना म्हणजे काय, ते सांगतो. साध्या पान्याचं तोंड दांड्याच्या जवळपास सरळ रेषेत असतं. याचं एक तोंड थोडं वळलेलं आणि दुसरं चांगलंच आडवं. इंजिन आणि केबिनची भिंत यांच्यामध्ये जिथे हात जेमतेम शिरतो, तिथे साधा पाना बोटभरही फिरत नाही. हा मात्र या तोंडानं थोडा, त्या तोंडानं थोडा, असं करत करत नट सोडवतो. दाजींची उभी हयात असल्या जागांत गेली. कुणाचा हात पोचेनासा झाला की गॅरेजात हाक त्यांनाच. आत दिसायचं काहीच नाही. गाल इंजिनाला टेकवून, डोळे मिटून ते बोटांनी नट शोधायचे. याच्या बोटांनाच डोळे आहेत, असं त्यांचा मालक येईल त्याला सांगायचा.

नावाजलेल्या कंपनीचा सेट दाजींच्या पगारात बसत नव्हता. स्वस्तातले सेट माझ्याकडे भरपूर, पण त्यात एक पाना अस्सल तर शेजारचा निव्वळ टाकाऊ. दाजींचं म्हणणं असं, की स्वस्तातही चांगला माल असतो, शोधायला वेळ द्यावा लागतो. वेळ त्यांचा आणि खोळंबा माझा! पाच-सहा सेट उघडायला लावायचे आणि त्यातून वेचून वेचून एक सेट जमवायचे. खिशात कायम दोन-चार नट असायचे. नटावर वहीचा कागद, त्यावर पाना. कागद ओढल्यावर फाटला तर पाना पास. सुळकन बाहेर आला तर तोंड सैल, पाना बाद. मग आतल्या कडांवरून करंगळी फिरवायची, काउंटरवर टकटक करून आवाज ऐकायचा. मुलगी बघायला आल्यासारखा सगळा थाट. ते गेल्यावर उरलेले पाने पुन्हा जुळवत बसायला मी होतोच.

त्या दिवशीही असंच चाललं होतं. दाजींनी सहा सेट फोडले आणि अकरा पाने बाजूला काढले. त्यात सतरा नंबरला, म्हणजे सतरा मिलिमीटरच्या नटाला बसणाऱ्या पान्याला, सगळ्यात जास्त वेळ घेतला. पाच सतरा बाद केले, सहावा पसंत पडला. इंजिनातल्या डिझेल पंपामागचे नट सतराचेच असतात, म्हणून हा चोख पाहिजे, म्हणाले. मग पाणी प्यायला आत गेले. हे सगळं माझं एक मोठं गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बघत होतं. वर्षभर माल नेणारा पंपवाला, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. त्यालाही सतराच हवा होता, आणि समोर पाच बाद झालेले बघितल्यावर तो म्हणाला, की मला हा पसंत केलेलाच द्या, नाहीतर राहू द्या.

मी दिला. दाजींच्या अकरात बाद झालेला एक सतरा सरकवला, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली आणि मोकळा झालो. डोकं तापलेलं होतं, हे खरं. पण मनात आलं ते एवढंच, की दाजी घरचे आहेत, सांभाळून घेतील. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात येईल, मला चार शब्द ऐकवतील, मी बदलून देईन. गिऱ्हाईक तुटलं तर पुन्हा येत नाही आणि घरचा माणूस कुठे जातो, असा हिशेब मी त्या क्षणाला केला. दाजी पाणी पिऊन आले, पुडकं काखेत मारून गेले.

पुडकं सोडल्यावर त्यांनी काहीच तपासलं नाही. कशाला तपासतील? स्वतः निवडलेले पाने होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका ट्रकच्या डिझेल पंपामागे हात घातला, नटाला नवा सतरा पहिल्यांदाच लावला आणि जोर दिला. पाना निसटला. हात आतल्या लोखंडी पट्टीवर असा आदळला, की बोटांमागची दोन हाडं मोडली. गॅरेजातून निरोप आला तसा मी दुकान उघडं टाकून दवाखान्यात पळालो.

दाजी बाकावर बसले होते. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, आणि डाव्या हातात तो पाना. त्यांनी मला आपल्या खिशातला नट काढायला सांगितला आणि पान्याचं तोंड त्यावर हलवून दाखवलं. दात हलावा तसं ते हलत होतं.

"मीच निवडला होता रे," ते म्हणाले. "बोटांनी दगा दिला."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ताई शेजारी उभी होती, डॉक्टर हाक मारत होते, आणि मला वाटलं, आधी प्लास्टर होऊ दे, मग सांगू.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हाडं छान जुळली होती. डॉक्टर म्हणाले, मूठ उघडझाप करत राहा, महिन्याभरात कामाला लागाल. मालक स्वतः घरी येऊन बसला, हातापाया पडायचाच बाकी राहिला. पण दाजी उठले नाहीत. जे काम डोळ्यांना दिसत नाही ते बोटांच्या भरवशावर करायचं असतं, आणि माझा माझ्या बोटांवर भरवसा राहिला नाही, असं त्यांनी मालकाला शांतपणे सांगितलं. पुढच्या आठवड्यात गॅरेजात जाऊन सगळी हत्यारं वाटून टाकली. मालकानं हिशेब चुकता केला. ताईनं दोन घरी स्वयंपाकाचं काम धरलं.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो, आज सांगायचंच असं ठरवून. दाजी म्हणायचे, या शेठ. ताई चहा टाकायची. तोपर्यंत माझा धीर सुटायचा. एकदा वाटलं, आता सांगून काय होणार? एकदा वाटलं, ताई माझं तोंड बघणार नाही. सबबींना काय तोटा! खरं एकच होतं, की मी भित्रा आहे. पंपवाल्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही आणि दाजींना खरं सांगायचीही झाली नाही. दाजी हळूहळू कसेतरीच व्हायला लागले. कडी लावली की पुन्हा जाऊन बघायचे. गॅसचं बटण ताईला बंद करायला सांगायचे. मूठ उघडझाप करा म्हटलं की म्हणायचे, कशासाठी? अशी दोन वर्षं गेली.

परवाच्या रविवारी गेलो तर स्वयंपाकघरात प्लंबर. सिंकच्या नळाचा खालचा नट ढिला झाला होता, बाकी काही नाही. ज्या माणसानं आयुष्यभर इंजिनाच्या पोटातले नट आवळले, त्याच्या घरी एका नटासाठी प्लंबर! तो सिंकखाली आडवा होऊन धडपडत होता, पण भिंतीमुळे त्याचा पाना फिरेना. सिंक खाली उतरवावं लागेल, माणूस घेऊन येतो, असं सांगून पिशवी तिथेच ठेवून तो गेला. दाजी स्टुलावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मला ते बघवेना.

मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पंपवाला, सतरा नंबर, पुडकं, सगळं. ताईच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. दाजींनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे मी बरोबर निवडला होता?"

"हो दाजी."

"सतरा? जो मी काढला होता, तो चांगला होता?"

"एकदम चोख होता. तो पंपवाला अजून वापरतोय."

मला वाटलं होतं, थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. दाजींचा चेहरा असा उजळला, की मला मान खाली घालावी लागली. "अगं, ऐकलंस का?" ते ताईला म्हणाले. "मी चुकलो नव्हतो. दुसराच होता तो." ताईनं पदर तोंडाला लावला. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

दाजी उठले. प्लंबरच्या पिशवीत हात घालून तळाला गंजत पडलेला वाकड्या तोंडाचा एक पाना शोधून काढला आणि सिंकखाली आडवे झाले. गाल भिंतीला टेकवला, डोळे मिटले. नट त्यांना लगेच सापडला. आतून हुंकार ऐकू आला. मग पाना वाजला आणि खाली पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला. मी वाकून बघितलं. नटापाशी हात बरोबर पोचला होता, पण दोन वर्षं न चाललेली बोटं आखडली होती, दांड्याभोवती मिटतच नव्हती. डाव्या हातानं ते उजव्याची बोटं एकेक करून दाबत होते. बराच वेळ दाबत होते. मग थांबले आणि तसेच आडवे राहून म्हणाले,

"दोन वर्षं आधी सांगायचं होतंस रे."