चुलतसासऱ्यांचा तळहात

माझ्या चुलतसासऱ्यांचा जगातल्या कुठल्याच माणसाच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांच्या मते माणसांत सगळ्यांत खोटारडी जात म्हणजे मोटारमालकांची. ब्रेक बिघडला म्हणून कुणी त्यांच्या अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये गेलं आणि तक्रार सांगू लागलं, की ते हात वर करून त्याला गप्प करत. "तुमी बोलू नका. चाकं बोलतील की." मग चाकांची जबानी सुरू होई. पुढच्या दोन चाकांना ओला चुना, मागच्या दोन चाकांना गेरू फासायचा, गाडी थोडी पळवायची आणि समोरच्या बाभळीपाशी करकचून ब्रेक दाबायचा. मग धोतर सावरत खाली उतरून ते रस्त्यावर उमटलेले पांढरे-तांबडे पट्टे वितीनं मोजत. एखादा पट्टा आखूड निघाला, की ते चाक कामचुकार. एकदा वैरागच्या एका अडत्याची जीप अशी रंगवून उभी होती, तेव्हा बैलगाडीतून चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मालक, गाडीचं लगीन हाय व्हय?" काका मान वर न करता म्हणाले, "लगीन कवाच झालंय. नांदंना म्हणून माहेरी आणलीया."

हा चाकांचा न्याय ते माणसांनाही लावत, आणि तोही चारचौघांत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाचे चौघे चुलतभाऊ पंगत वाढत होते. काका जिलबीचा तुकडा मोडता मोडता मोठ्यानं म्हणाले, "तिसरं चाक गार हाय." सगळी पंगत वळून तिसऱ्याकडं पाहू लागली. तो बिचारा खरंच नुसतं रिकामं पातेलं घेऊन हिंडत होता. त्यानं पुढं काकांशी बोलणंच टाकलं, पण चाक गार होतं हे मात्र त्याच्या बायकोनंही कबूल केलं.

गार-गरम ही त्यांची खरी विद्या. पट्ट्यांवर भागलं नाही तर ते गाडी मैलभर फिरवून आणत, चाकावरची टोपी काढत आणि आतल्या ड्रमवर उजवा तळहात ठेवून डोळे मिटत. जे चाक तापलेलं ते ब्रेक धरून बसलेलं, जे गार ते झोपलेलं. त्या तळहाताची कीर्ती गल्लीतल्या बायकांच्या कानावर गेली आणि मग ब्रेक राहिला बाजूला. संध्याकाळ झाली की कुणी ना कुणी कडेवर पोर घेऊन शेडच्या दारात हजर. काका हात पुसून पोराच्या कपाळावर ठेवत आणि सांगत, "एकशे एक. वर जरासं." घरी जाऊन थर्मामीटर लावला आणि त्यानं वेगळं सांगितलं, तर बायका थर्मामीटर बिघडला म्हणत. काकू जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पोरांना द्यायला ते स्पॅनरच्या खोक्यात खडीसाखरेची पुडी ठेवत, आणि दिवसातला तो एक तास सोडला तर त्यांच्याशी बोलायला कुणी नसे. मला हे ठाऊक होतं, पण मी त्याचा कधी फारसा विचार केला नव्हता.

मी कॉलेजात भूगोल शिकवत होतो आणि हौसेनं एक जुनी गाडी घेऊन बसलो होतो. एका रविवारी ती ब्रेक दाबला की डावीकडं ओढू लागली. मी काकांकडं गेलो. मैलभर फिरून आलो. त्यांनी पुढच्या डाव्या चाकावर हात ठेवला, डोळे मिटले. "गार हाय." उजव्यावर ठेवला. "हे बी गार." ते गोंधळले. पुन्हा डाव्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच बसले. मला जळका वास येत होता. मी सहज बोट लावलं आणि हात झटकत मागं सरलो. "काका, अहो भाजतंय! हात काढा!"

त्यांनी हात काढून पाहिला. तळव्यावर टचटचीत फोड उठत होता. ते त्याच्याकडं दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "जावईबापू, कुणाला सांगू नका. बायकांना कळलं तर कोण येईल हितं?"

डॉक्टरांनी साखरेच्या आजाराचं निदान केलं आणि हाताची गेलेली जाणीव परत येणं कठीण, असं सांगितलं. मी कुणाला सांगितलं नाही, पण मनात धास्ती होती. फणफणलेलं पोर यांनी गार ठरवलं तर? मला बोलावं लागलंच नाही. त्याच आठवड्यात एक बाई मूल घेऊन आली, तेव्हा काकांनी हात पाठीमागं घेतला. "दवाखान्यात न्या, बाई. आता मला कळत न्हाई." असं दोन-चार वेळा झालं आणि संध्याकाळी शेडसमोर कुणी येईनासं झालं. खडीसाखरेला मुंग्या लागल्या.

माझी गाडी आम्ही दोघांनी मिळून नीट केली; चटके मी सोसायचे आणि अर्थ त्यांनी लावायचा. महिन्याभरात ती सुतासारखी सरळ थांबू लागली. तरी पुढच्या रविवारी मी गेलोच आणि म्हटलं, "काका, अजून जरा डावीकडं ओढतीय." मला खोटं बोलता येत नाही, माझी बायको नेहमी म्हणते. काकांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, चुना कालवला, गेरू कालवला. बाभळीपाशी ब्रेक दाबला. ते पट्ट्यांकडं गेले, मी गाडीतच बसून राहिलो. आता पट्टे सारखे निघणार आणि काका मला घरी लावून देणार, या विचारानं मला उदास वाटत होतं.

आरशात ते मागं वाकलेले दिसत होते. चारी पट्टे त्यांनी मोजले, पुन्हा मोजले. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, आणि चुन्याच्या उजव्या पट्ट्याचं टोक टाचेनं वीतभर पुसून टाकलं.

"जावईबापू, या हिकडं," त्यांनी हाक मारली. "बघा, उजवं आखूड हाय. पुढच्या रविवारी परत बघाय लागंल."

मी उतरलो, वाकलो, माझ्या वितीनं तो पट्टा नीट मोजला आणि म्हणालो, "आहे खरं आखूड, काका. येतो मी रविवारी."