झाडामागं कौल

शिनोलीच्या वर आमच्या वाडीची देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, ती देवीची, हे लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याच नियमाला पळवाट होती. देवीच्या कामाला देवीचं झाड चालतं, फक्त आधी तिचा कौल घ्यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी देवळावर नवं छत घालायचं ठरलं आणि सगळ्यांच्या नजरा देवराईकडे वळल्या.

मी नुकताच बीएस्सी झालो होतो, घरातला पहिला पदवीधर. त्याचा अभिमान होता, आजही आहे. बैठकीत उठून म्हणालो, ही झाडं गेली तर खालचा झरा आटेल, आणि वाडी पाणी पिते ते त्याच झऱ्याचं.

"काय राव, कालेजात झरंच मोजत व्हता का?" चुलते म्हणाले. सगळे हसले. त्यांनी देवळाकडे हात केला. "बाई बगून घेईल. आपुन कोण?"

कौल लावायचा मान माझ्या वडिलांचा, आप्पांचा. देवीच्या दोन खांद्यांना त्यांनी दोन ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. विज्ञान शिकलेला मी पापणी न हलवता त्या फुलांकडे बघत बसलो.

उजवं पडलं.

कुऱ्हाडी उचलल्या गेल्या. मी पुढे होऊन विचारलं, "आप्पा, घरासाठी घेतलेला कौल विहिरीला चालतो का?"

"नाय. ज्याचा त्याचा येगळा."

"मग एका झाडाचा दुसऱ्याला कसा चालंल?"

आप्पांनी पडलेलं फूल उचललं. "पोरगं बरुबर बोलतंय. दर झाडामागं येगळा कौल घ्यायचा."

"मग छत नातवंडं घालतील," चुलते कुरकुरले.

पहिल्या हिरड्याला उजवं पडलं. तो गेला. झऱ्याच्या डोक्यावरच्या आंब्याची पाळी आली तेव्हा मला बघवेना. डावं पडलं. शेजारच्या जांभळीलाही डावं. चुलत्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "ऱ्हाऊ द्या. छताला नारायणगावातनं पत्रं आणू."

झरा अजून वाहतो. पण आता देवळाला सभामंडप हवाय, आणि वर्षाआड कुणीतरी आंब्याचा विषय काढतंच. मी नोकरीला पुण्यात. कौल लावल्याचं कळलं की घास गिळवत नाही. माझ्याकडे तेव्हा एक मुद्दा होता, तो वापरून झाला.

परवा पुन्हा आंब्याला कौल लावल्याचं कळलं. फोन केला तर आप्पा म्हणाले, "फुलं आजून पडली न्हाईत. तू जेवून घे."