कड्याकडे जाणाऱ्या खुणा

पंधराव्या वर्षी मी वारज्यामागच्या टेकडीवर रानात एकटीनं तग धरायला शिकत होते. सरांचा नियम होता, जाताना दगडावर दगड रचून खुणा करायच्या, परतताना त्या मोडायच्या. पहिल्याच दिवशी मी वाट चुकले आणि थेट जुन्या खाणीच्या कड्यावर पोचले. खुणा मोडायला मागे फिरले, तर प्रत्येकीवर ओलं कुंकू. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे दगड दिसला की आधी कुंकू, चौकशी मग! पण मोडायला माझाही हात धजेना. दुसऱ्या दिवशी सरांना नेऊन दाखवलं, तर त्यांनीही नुसते हात जोडले.

इतक्या वर्षांनी परवा सकाळी पुन्हा गेले. खुणा तशाच आहेत, वर ताजं कुंकू आहे, शेजारून पायवाट मळली आहे. कड्याच्या टोकाशी चपलांचे तीन जोड नीट काढून ठेवले होते. माणूस एकही नव्हता.