थोरल्या जाऊबाईंचा डबा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना राग धरता येत नसे. तेवढं सोडलं तर त्यांना सगळं येत होतं, आणि माझं दुखणं तेच होतं. त्या टाकव्यासारख्या खेड्यातल्या, मी लोणावळ्याची; शाळासुद्धा माझीच जास्त. तरी चर्चमध्ये कुणाचं काही अडलं की निरोप त्यांना. मी समोर उभी असले तर म्हणत, "तेवढं जाऊबाईंना सांगा हं."

कुणी वाकडं बोललं की त्याच्या घरी काहीतरी करून न्यायचं, ही त्यांची खोड. दुसरा गाल पुढे करा, असं पाळक सांगायचे. जाऊबाई डबा पुढे करायच्या. "रिकाम्या हातानं गेलं की मानसाला भांडान सुचतं," म्हणायच्या.

नाताळच्या उपासनेनंतर महिला मंडळाचा फराळ एका लांब टेबलावर मांडतात. सगळ्यांत आधी रिकामी व्हायची ती त्यांच्या करंज्यांची परात. माझ्या करंज्या घरी परत यायच्या आणि मुलं तोंड लपवायची. एका वर्षी मला राहवलं नाही. दोघीतिघींच्या कानाशी लागले, "विकतच्या आणतात हो त्या!" संध्याकाळपर्यंत ते त्यांच्याही कानावर गेलं.

पुढच्या नाताळाला मी मंडळात हट्टानं सांगितलं, यंदा करंज्या माझ्याकडे. आदल्या दुपारी पिठात मोहन इतकं पडलं की करंज्या कढईतच उलगडल्या आणि सारण तेलात पोहू लागलं. तेवढ्यात दारात जाऊबाई. म्हटलं, झालं, आता मागची फेड होणार! त्यांनी कढईत डोकावून पाहिलं.

"मोहन लय झालं, धाकटे." एवढंच बोलून त्यांनी आपला करंज्यांचा डबा माझ्या परातीत पालथा केला.

"अहो, मग तुमच्या घरी येणाऱ्यांना?"

"करंज्या यंदा न्हाई केल्या म्हनून सांगीन."

दुसऱ्या दिवशी परात चाटूनपुसून साफ. करंजीची मुरड म्हणजे बाईची सही. त्यांची वेणीसारखी घट्ट मुरड सगळ्यांनीच ओळखली असणार, पण एकीनं ब्र काढला नाही; उलट म्हणाल्या, "धाकट्या वहिनी, हात बसला की तुमचा!" जाऊबाईंनीसुद्धा एक मागून खाल्ली. "झ्याक," म्हणाल्या. मला खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. चांगुलपणातही हीच बाई पुढे!

आठवडाभर घास गोड लागेना. शेवटी त्यांच्या ओट्याशी जाऊन सांगितलं, "ते विकतचं मीच बोलले होते."

"ठावं हाय की. बस. च्या घे."

गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. दफनाहून परतल्यावर आम्ही बायका त्यांच्या अंगणात बसलो. करंज्यांची गोष्ट आज सांगायचीच, असं मी ठरवलं होतं. तोंड उघडणार, तोच पाळकबाई रडत म्हणाल्या, "मी त्यांना उपासनेच्या गाण्यातून काढलं होतं. तरी माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आल्या." मग परंदवडीहून आलेली एक बोलली. मग तिच्या शेजारची.

ऐकता ऐकता माझा जीव जळू लागला. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांनी माफ केलेली मी एकटीच.